त्रिकोणाखालचा लाल दोरा

माझ्या बाटलीवर माझ्याच सुनेनं खूण केली. बोलायचं होतं तर तिला तोंड होतं, भांडायचं होतं तर मी समोर होते, धडधाकट, कमरेवर हात ठेवून. दहा वर्षांत आम्ही दोघी भांडायला कधी कमी पडलो नाही. पण नाही. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, वरच्या फळीवर, खळीच्या डब्यांमागं, जिथं माझ्याशिवाय कुणाचा हात पोचत नाही असं मी समजून होते, तिथं हिचा हात पोचला. आणि बाटलीतली दारू जिथवर होती तिथं नेमकी टेकेल अशी एक बारीक आडवी रेघ हिनं काचेवर ओढली. तीही कशानं, तर खुणेच्या शाईनं. गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतल्या बाजूनं खूण घालायची ती शाई. उकळत्या पाण्यातून काढा, सोड्यात भिजवा, उन्हात महिनाभर टांगा, जात नाही. शाईची काडी कशी धरायची, शाई किती घ्यायची, मनगट कुठं टेकवायचं, हे सगळं हिला मी शिकवलं आणि ती विद्या हिनं माझ्यावरच चालवली. रेघ मात्र सरळ होती. गोल काचेवर, जराही न थरथरता ओढलेली. माझ्या हातून आता तशी आली नसती. हे मनात आलं आणि मी जास्तच चिडले. त्या दिवशी मी मुद्दाम रेघेखाली दोन बोटं उतरले. दुसऱ्या दिवशी तिथं दुसरी रेघ. मी परत उतरले, तिसरी आली. आठवड्याभरात बाटलीवर शिडी झाली, आणि त्या आठवड्यात ह्या विषयावर ना तिनं शब्द काढला ना मी. जेवताना मी मीठ मागितलं, तिनं दिलं. एवढंच.

खरं म्हणजे हे सगळं कोटापासून सुरू झालं. हेडमास्तरांचा राखाडी कोट. माझं नाक साऱ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. इस्त्रीखाली कापड किती तापलंय हे मी वासावरून सांगते, इस्त्रीवरच्या आकड्यांकडे मी कधी बघितलं नाही. सूत तापलं की गरम कागदाचा वास येतो. लोकरीला ओल्या जनावराचा येतो. रेशमाला केस जळल्याचा येतो, पण तो येईपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्या आधी एक बारीक, गोडसर वास येऊन जातो, तो पकडायचा. माझ्या सासऱ्यांना तो यायचा नाही, नवऱ्याला यायचा नाही, मुलाला तर समोर टायर जळलं तरी यायचा नाही. तो मला यायचा. त्या सोमवारी मी कोटाच्या पाठीवर इस्त्री टेकवून उभी होते आणि समोर रस्त्यापलीकडे दोन माणसं शिडीवर चढून दुकानाची पाटी लावत होती, ती बघत होते. पाटी एका बाजूला कलती होती. खालचा वरच्याला सांगत होता, वरचा ऐकत नव्हता. मला मजा वाटत होती. धूर माझ्या तोंडावरून गेला म्हणे. सून आतून धावत आली, तिनं आधी प्लग ओढला, मग माझा हात इस्त्रीसकट उचलला. कोटाच्या पाठीवर होडीएवढा तपकिरी डाग. "तुम्हाला वास नाही आला?" तिनं विचारलं. ओरडून विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण ती घाबरली होती. "सर्दी झालीय," मी म्हटलं. मला सर्दी झालेली नव्हती. सकाळपासून दोन कप झाले होते, आणि त्यांत चहा फक्त रंगापुरता होता.

कुणाला वाटेल बाई पहिल्यापासूनची पिणारी. तर तसं नाही. पिणारा माझा नवरा होता. मी त्याच्या दारूला तीस वर्षं शिव्या दिल्या, आणि शिव्या द्यायला माझ्याएवढी तयार जीभ ह्या रस्त्यावर दुसरी नाही. तो गेला तेव्हा कपाटात त्याच्या चपलांमागं अर्धी बाटली निघाली. फेकून देणार होते. मोरीपर्यंत गेलेही. मग मनात आलं, बघू तरी, ह्यात असं काय होतं जे माझ्यात नव्हतं. एक घोट घेतला. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन मिनिटांनी मनगटं दुखायची थांबली. वाफेनं आणि वजनानं माझी मनगटं वीस वर्षं दुखत होती. बाई, मी म्हटलं, हे मला कुणी सांगितलं नाही. हा माणूस एकटाच थंडावा घेत बसला आणि मला नुसती भांडायला ठेवली. ती अर्धी बाटली मी दोन महिने पुरवली. अर्धवट ठेवलेलं टाकून द्यायची मला सवय नाही.

शनिवारी दुपारी मुलगा गठ्ठे बांधत होता, मी चादरींच्या घड्या घालत होते, आणि सून इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हात पुसून आली होती. तिनं हात पुसले की मी सावध होते.

"आई, उद्या तीन वाजता एका ठिकाणी जाऊन या."

"कुणाकडे?"

"दारू सोडलेली माणसं जमतात. दर रविवारी. बसतात, बोलतात. चहा असतो."

"चहा घरी आहे."

"घरच्या चहात काय असतं ते मला माहीत आहे."

मुलानं गाठ मारायची थांबवली. मी त्याच्याकडे बघितलं. "तू बोल की काहीतरी. तुझ्या आईला तुझी बायको दारुडी म्हणतेय."

"मी काय बोलू," तो म्हणाला, "तुम्ही दोघी आहात ना." जन्मल्यापासून ह्याला दोन बायकांच्या मधली जागा सापडलीय आणि तिथं तो सुखात आहे.

"आणि नाही गेले तर?" मी विचारलं.

"तर सोमवारपासून इस्त्रीला हात लावायचा नाही. मी लावू देणार नाही."

हे ती हळू म्हणाली. ज्या टेबलापाशी मी लग्न होऊन आल्यावर पाचव्या महिन्यात उभी राहिले, ज्याच्या कडेला माझ्या पोटाच्या उंचीवर लाकूड झिजून खळगा पडलाय, त्या टेबलापाशी उभं राहून मला सांगत होती. मी इस्त्री केली नाही तर मी काय आहे? कोपऱ्यातली खुर्ची. येणाऱ्याजाणाऱ्यानं "बरं आहे ना मावशी?" असं विचारायची वस्तू. मी तिला सांगितलं की हे दुकान माझ्या खुणांवर उभं आहे, तुझ्या शिक्षणावर नाही. ती म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर." आणि तिनं माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. "जाऊन आलात तर सोमवारी इस्त्री तुमची. मी परत विचारणार नाही."

चिठ्ठीवर अक्षर एकही नव्हतं. मी दोन यत्ता शिकले. मला वाचता येतं, पण वाचताना ओठ हलतात, आणि भर रस्त्यात चिठ्ठीपुढं ओठ हलवत उभं राहणं मला शोभत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चिठ्ठीवर माझ्या खुणा होत्या. दोन आडव्या रेघा, म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यापुढं डावीकडे बाण. रेघेवर टिंब, म्हणजे औषधाचं दुकान. कोंबडीचा पाय, म्हणजे वकीलबाई. मग त्रिकोण आणि त्याच्या पोटात टिंब. मग जिन्याच्या चार पायऱ्या, आणि शेवटी एक रिकामं गोल. "हे गोल माझ्या ओळखीचं नाही," मी म्हटलं. "असलं गिऱ्हाईक आपल्याकडे नाही." "पोचलात की कळेल," ती म्हणाली.

मी ठरवलं, जायचं. तोंड दाखवायचं, फुकटचा चहा प्यायचा, त्या रडक्या माणसांना एकदा बघून घ्यायचं, आणि परत येऊन सोमवारी हिच्या नाकावर टिच्चून इस्त्री हातात घ्यायची. रविवारी जेवण झाल्यावर मी धुतलेले कपडे घातले आणि निघाले. कपाला हात लावला नाही. हिची भीती वाटली म्हणून नव्हे. वास आला असं त्या अनोळखी माणसांपैकी कुणी म्हणायला नको म्हणून. रस्त्यावर ऊन होतं आणि सुट्टीचा दिवस असल्यानं दुकानांची दारं ओढलेली होती. दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीत पांढरे कोट वाळत होते, घरी धुतलेले, नीळ जास्त झालेली. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, आम्ही बंद असलो की तुमची ही गत होते. औषधाचं दुकान. वकीलबाईंची पायरी. एकेका दारावरून जाताना मला त्या घरातल्या माणसांआधी त्यांचे कपडे आठवतात. कुणाची कॉलर कुठं मळते, कोण जेवताना सांडतो, कुणाच्या उशीच्या अभ्र्याला एकाच बाजूला ओल असते. लग्न होऊन आले तेव्हा सासरे वहीत गिऱ्हाइकांची नावं लिहायचे आणि मला ती भरभर वाचता यायची नाही, म्हणून मला कोपऱ्यात मोज्यांच्या जोड्या लावायला बसवलं होतं. चार महिने मी मोजे जोडले. मग एके दिवशी मी काडी घेऊन प्रत्येक घराला एकेक खूण दिली. कोंबडीचा पाय का, तर वकीलबाई चालताना बोटं बाहेर टाकतात म्हणून. त्रिकोणात टिंब का, तर गाणं शिकवणाऱ्या बाईंचं तोंड गाताना तसं होतं म्हणून. सासरे हसले. सहा महिन्यांनी त्यांची वही भिजली, आणि साऱ्या रस्त्याचे कपडे माझ्या खुणांवर घरोघर पोचले. त्यानंतर त्या घरात माझ्याकडे बघून कुणी हसलं नाही. ही सून आली तेव्हा मला वाटलं होतं, शिकलेली आहे, आल्या आल्या म्हणेल की आपण नावं लिहू. ती म्हणाली नाही. तिनं पंधरा दिवसांत सगळ्या खुणा पाठ केल्या. त्याचाही मला रागच आला होता, आता कबूल करायला काय.

वकीलबाईंपासून पुढं चिठ्ठीत बाण नव्हता. बाण लागतो कशाला, गिऱ्हाईक माझं आहे. मी पूल ओलांडला, चढ चढले, दोनदा कठड्याला धरून थांबले आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या दारी पोचले. जिना कुठं दिसेना. बाईंचं घर बैठं. मागं भिंत, पुढं कुंड्या. मी घंटा दाबली.

बाईंनी दार उघडलं. "अगंबाई, मावशी! आज तुम्ही स्वतः? सूनबाई नाही आली?"

"ती का येईल? आज रविवार."

"नाही, म्हणजे, शर्ट परत न्यायला." त्या आत गेल्या आणि घडी घातलेले दोन पुरुषी शर्ट घेऊन आल्या. माझी घडी. लांबून ओळखू येईल. "हे घ्या. ह्या खेपेला दोनच आलेत. माझे तिकडे गेले असतील."

मी शर्ट हातात घेतले नाहीत. "हे तुमच्याकडे कसे आले?"

"नेहमीसारखेच." बाई हसल्या. "घड्याळवाल्याचे आहेत ना. मंडईमागचा. त्याला मी अजून बघितलेलं नाही, पण त्याच्या शर्टांवरून सांगते, माणूस उंच आहे आणि खिशात पेन उघडं ठेवतो. सहा महिने झाले की, मावशी. तुमची सून दर वेळी येते बिचारी, त्याचे नेते, माझे आणून देते. हात जोडते. म्हणते, माझीच चूक, मी अजून खुणांना नवी आहे."

"नवी," मी म्हटलं.

"मी म्हटलं तिला, अगं शिकशील. तुम्ही रागावू नका हं तिला. हल्ली चुका कमी झाल्यात, तो दोरा लावल्यापासून."

"कुठला दोरा?"

त्यांनी स्वतःचा एक झगा आणून त्याच्या मानेची आतली बाजू मला उलटून दाखवली. माझा त्रिकोण होता. टिंब होतं. आणि त्रिकोणाच्या खाली, नखाएवढ्या जागेत, लाल दोऱ्याची एक गाठ होती. मी ती पन्नास वेळा इस्त्रीखालून काढली असेल. मला वाटलं होतं बाईंनीच हौसेनं काही केलंय. "हा तुमचाच ना?" बाईंनी विचारलं. बाईंच्या घरात कुठंतरी पंखा फिरत होता आणि त्याची एक पाती दर फेरीला कशाला तरी घासत होती, तेवढंच मला ऐकू येत होतं. घड्याळवाला आमच्याकडे सहा-सात महिन्यांपूर्वी आला. त्याला खूण मी दिली. मीच देते, दुसऱ्या कुणाला परवानगी नाही. तो समोर उभा होता आणि मी विचार करत होते कोणती द्यावी, आणि माझ्या हातानं आपोआप त्रिकोण काढला, आणि मला तो अगदी नवा वाटला. मला आठवतं, मी स्वतःवर खूश झाले होते. चाळीस वर्षांत दोन घरांना एक खूण दिली नव्हती. ती दिली, आणि सहा महिने मला कळलं नाही, कारण कळू दिलं गेलं नाही. "माझाच," मी बाईंना म्हटलं. शर्ट मी काखेत घेतले.

उतारावर पाय भरभर पडतात. आपण घाईत आहोत असं लोकांना वाटतं, पण तो उतारच आपल्याला ढकलत असतो. माझे हे सकाळी उठायचे नाहीत तेव्हा मी दारात उभी राहून गिऱ्हाइकांना सांगायचे, ताप आलाय. वर्षात चाळीसदा ताप येणारा माणूस. एकदा हे एका लग्नघराचा गठ्ठा टांग्यात विसरले आणि मी त्या घरी जाऊन सांगितलं, मी विसरले, बाईमाणसाची जात, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या घरच्या म्हातारीनं मला जे ऐकवलं ते मी ऐकलं. खाली मान घालून. मी! घरी आले तर हे झोपलेले. जाग आल्यावर म्हणाले, "सगळं नीट आहे ना?" मी म्हटलं, नीट आहे. आणि त्यांना ते खरं वाटलं. त्यांना जन्मभर वाटत राहिलं की त्यांचं सगळं नीट आहे, कारण जे नीट नव्हतं ते मी गुपचूप बाजूला सारत गेले. मरताना तो माणूस आपण फार काही चुकलो नाही अशा समाधानात मेला. ते समाधान त्याला मी इस्त्री करून दिलं होतं. पुलावर मी थांबले. तेव्हा मला रडू येईल असं वाटलं, पण मला रडू येत नाही, मला राग येतो. तसाच आला. तिच्यावर आला. मला कसली हलकी समजली ही? माझी चूक मला दाखवायची हिंमत नव्हती तिला, की मला ती सोसवणार नाही असं वाटलं? मग बाटलीवर रेघा मारताना कुठून आली हिंमत? आणि चालता चालता मला कळलं की त्या दोन्ही गोष्टींच्या मध्ये कोट होता. खुणेची चूक तिनं सहा महिने झाकली. पण आगीपुढं ती घाबरली.

चिठ्ठीतल्या त्रिकोणाखाली लाल काही नव्हतं, म्हणजे तो घड्याळवाल्याचा. त्याचं दुकान मंडईमागं. बंद होतं, पण काचेतून घड्याळं दिसत होती, आणि प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. एकात पावणेपाच, एकात साडेतीन, एकात तीनला दोन कमी. मी ते शेवटचं पसंत केलं. शेजारून जिना वर जात होता. शर्ट मी त्याच्या दाराच्या कडीत अडकवले. वर एक लांब खोली होती आणि खोलीत खुर्च्या, गोलात मांडलेल्या, मध्ये काही नाही. रिकामं गोल. आठ-नऊ माणसं बसलेली. मी दारातच उभी राहिले, आणि मला जी भीती वाटत होती ती अशी की आत सगळे मळके, झिंगलेले असतील आणि मी त्यांच्यात बसेन. तसं नव्हतं. कपडे स्वच्छ होते. काहींची इस्त्री वाईट होती, पण ते वेगळं. आणि खिडकीपाशी हेडमास्तर बसले होते.

"मावशी," ते उठले. "या. इकडे बसा."

"मी चुकून आलेय," मी म्हटलं.

"इथं सगळे चुकूनच येतात," एक जाड बाई म्हणाली. बस चालवायचा खाकी शर्ट होता तिच्या अंगात. सुट्टी असूनही घातलेला. गोलातलं काय ते सगळं तीच सांभाळत होती. "बसा. नाव सांगायची गरज नाही."

"मला चाळीस वर्षांत कुणी नाव विचारलेलं नाही. इथं विचारतील असं वाटलंही नव्हतं." मी बसले. त्यांच्यातला एक जण मध्येच थांबला होता, तो परत बोलू लागला, आपल्या मुलीबद्दल काहीतरी. मला ऐकू येत होतं आणि ऐकू येत नव्हतं. त्याच्या पँटची शिवण उसवली होती. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि कुणी च्युक च्युक करत नव्हतं, हे मला आवडलं. मग बसवाल्या बाईनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काही बोलायचंय?"

"बोलायचं काही नाही. मी दारुडी नाही. दारुडा माझा नवरा होता. त्याची राहिलेली बाटली तेवढी मी संपवतेय."

"किती वर्षं झाली त्यांना जाऊन?"

"सात."

"बाटली मोठी होती," ती म्हणाली.

सगळे हसले. हेडमास्तरसुद्धा. मी उठणार होते. माझे हात खुर्चीच्या कडेला लागलेही होते. पण ते हसणं, काय सांगू, सासऱ्यांच्या हसण्यासारखं नव्हतं. ती बाई स्वतःलाही धरून हसत होती. "माझी तर बसमध्ये होती," ती म्हणाली, "पाण्याच्या बाटलीत. रोज चाळीस माणसं माझ्या मागं बसायची, कुणाला काही कळायचं नाही." मला धूर आठवला. माझ्या तोंडावरून गेलेला. मला न आलेला.

हेडमास्तर माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, कोटाचं मनाला लावून घेऊ नका. सूनबाई येऊन गेली घरी. फार वाईट वाटत होतं तिला. म्हणाली, माझ्या हातून जळला, फोनकडे लक्ष गेलं. मी म्हटलं, होतं असं."

मी हेडमास्तरांकडे बघितलं. त्यांचे शर्ट अकरा वर्षं माझ्या हाताखालून जातात. तीन वर्षांपूर्वीपर्यंत उजव्या बाहीला पिवळट डाग असायचे, आणि मग एकदम बंद झाले. मला वाटलं होतं डाग खोकल्याच्या औषधाचे, बायकोनं ते बदललं. साऱ्या रस्त्याची माणसं मी कपड्यांवरून ओळखते. माझे कपडे मात्र दहा वर्षं ती धुते, ती इस्त्री करते. तिला माझ्या बाहीला काय दिसत असेल, कधीपासून दिसत असेल, ह्याचा मी आजवर विचार केला नव्हता.

"खोटं आहे," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असणार, कारण मुलीबद्दल बोलणारा तो माणूससुद्धा वळला. "कोट तिनं नाही जाळला. तिनं आजवर एक रुमाल जाळला नाही. कोट मी जाळला. इस्त्री माझ्या हातात होती. मी प्यायले होते, आणि धूर निघाला, आणि मला वास आला नाही. मला!" मला वाटलं होतं, असं काही बोललं की अंगावरून काहीतरी उतरतं. तसं काही झालं नाही. उलट अंगावर चढलं, वजनदार, आणि बरोबर मापाचं. मी ताठ बसले. "आणि दोन घरांना एक खूण दिली तीही मीच," मी म्हटलं. त्यांना त्यातलं काही कळलं नसणार, पण बसवाल्या बाईनं मान हलवली, जणू कळलं.

चहा आला. कागदी कपात, गोड, नुसता चहा. मी तो नाकाशी धरला आणि वास घ्यायला बघितला. गरम वाफ आली, वास नाही. "माझाही गेला होता," हेडमास्तर म्हणाले. "चौथ्या महिन्यात परत आला. पहिला साबणाचा."

"चार महिने," मी म्हटलं. "चार महिने रोज हिचं तोंड बघायचं इस्त्रीपाशी."

"पुढच्या रविवारी येणार?" बसवाल्या बाईनं विचारलं.

"ते मी पुढच्या रविवारी ठरवेन," मी म्हटलं. "आणि तुमच्या त्या शर्टाची कॉलर उलटी दुमडून इस्त्री करा. आत्ता जे केलंय ते बघवत नाही."

परत येताना मी कुठं थांबले नाही. दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. ऊन तिरकं होऊन टेबलापर्यंत आलं होतं, आणि टेबलापाशी ती उभी होती, माझ्या खळग्यात, माझ्यापेक्षा उंच असल्यानं तिला तो पोटाखाली लागत होता. चादर होती समोर. मुलगा गठ्ठ्यावर बसून सफरचंद खात होता. मला बघून त्यानं चावायचं थांबवलं. मी आधी मागच्या खोलीत गेले. स्टुलावर चढले, डब्यांमागून बाटली काढली. सात रेघा. आणून टेबलावर, तिच्या चादरीच्या कडेला ठेवली. ती बाटलीकडे बघेना, माझ्याकडे बघेना. तिचा हात मात्र थांबला नाही, एका जागी इस्त्री टेकवून ठेवायची नाही हे मी शिकवलेलं.

"जाऊन आलात?" तिनं विचारलं.

"आले. आधी चुकीच्या त्रिकोणावर गेले, मग बरोबर."

हात थांबला. तिनं इस्त्री उभी केली. चेहरा असा झाला की जणू चोरी सापडली. मुलगा म्हणाला, "आई, ती काय म्हणत होती की..." मी त्याला म्हटलं, तू सफरचंद खा. मग दौत ओढून घेतली, काडी बुडवली, आणि घड्याळवाल्याचा एक मळका शर्ट धुण्याच्या ढिगात होता तो काढून त्याच्या मानेत, त्रिकोणावर आडवी रेघ मारून, शेजारी नवी खूण घातली. घड्याळाचे दोन काटे. रेघ वाकडी आली. वाकडीच राहू दिली.

"ऐक आता," मी म्हटलं. "इस्त्री मागायला मी आले नाही. ती तुझ्याकडे राहू दे. मला करपल्याचा वास यायला लागला की मी स्वतः मागेन, आणि तेव्हा मध्ये उभी राहू नकोस. पण सहा महिने तू माझ्या चुका अंगात घालून दारोदार हिंडलीस, हात जोडलेस, नवी आहे म्हणालीस. ते मला न विचारता केलंस. मी तीस वर्षं एका माणसाचं तेच केलं आणि त्याला चांगला मारला. माझ्यावर तो प्रयोग नको. काढ त्या चुका, आणि दे इकडे. माझ्या मापाच्या आहेत. तुला ढगळ होतात."